खाते पाल्याचे, जबाबदारी कोणाची?

दहावीचा निकाल लागला की शाखेत पालक आणि पाल्य यांच्या जोड्या दिसू लागतात. अर्ज वडील भरतात, प्रश्नही वडीलच विचारतात. ज्याच्या नावे खाते उघडावयाचे तो मात्र व्याजदरांचा तक्ता वाचीत उभा असतो. (तो तक्ता कोणी वाचतो, याचेच आम्हांस अप्रूप!)

वस्तुतः रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरील अज्ञान मुलांना बचत किंवा मुदत ठेव खाते स्वतः उघडून चालविण्याची मुभा बँका देऊ शकतात. रकमेची मर्यादा व अटी प्रत्येक बँक ठरविते. खात्यात शिल्लक मात्र नेहमी जमेचीच हवी. ‘अज्ञान’ हा शब्द कायद्याने केवळ वयापुरता वापरला आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

बचतीचे धडे घरोघरी दिले जातात. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरील व्याज दररोजच्या शिलकेवर मोजले जाते, हेही मुले चटकन समजून घेतात. अडते ते दुसरीकडेच.

मागील वर्षी सतरा वर्षांचा एक विद्यार्थी माझ्यासमोर येऊन बसला. मित्राच्या ओळखीतील एका ‘दादा’ने दोन हजार रुपयांच्या बोलीवर त्याचे एटीएम कार्ड आणि पिन मागून घेतला होता. खात्यात कोणा फसवल्या गेलेल्या माणसाचे पैसे आले, अर्ध्या तासात काढलेही गेले. तक्रार होताच खाते गोठविण्यात आले आणि त्यात त्याची स्वतःची शिष्यवृत्तीही अडकली.

“मॅडम, मी तर कोणाचा एक रुपयाही घेतला नाही.”

ते खरे होते. पण खाते त्याचे होते. कार्ड वा पिन कोणासही देऊ नये, पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, फसवणूक होताच १९३० वर कळवावे, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कोणी समजावून सांगितले. खाते उघडताना आम्ही सांगितले होते का? सूचना अर्जाच्या मागील बाजूस होती, बारीक अक्षरांत.

चौकशीअंती खाते मोकळे झाले. अठरा वर्षे पूर्ण होताच नव्याने नमुना सही द्यावी लागते. त्यासाठी तो गेल्या महिन्यात आला. सही करण्यापूर्वी त्याने अर्ज उलटला आणि मागील बाजू वाचावयास घेतली. रांग वाढत होती. मी त्याला घाई केली नाही.