डेनिमच्या वस्त्रांचा रंग आणि त्याची राखण

दुकानांतून आणलेली गडद निळी विजार पहिल्या दिवशीं जशी दिसते तशी ती सहा महिन्यांनंतर सहसा दिसत नाहीं. गुडघ्यांवर, मांड्यांवर आणि खिशांच्या कडांवर ती पांढुरकी पडते. बाकीच्या भागाचें तेज जातें. आणि मग घरांत दोषारोप सुरू होतात. कोणी कापडास नांवें ठेवतो, कोणी साबणास, तर कोणी धुणें धुणाऱ्या बाईस. पाठोपाठ शेजारपाजारचे उपायही येतात. मिठाच्या पाण्यांत भिजवावी, व्हिनेगर घालावें, पांढऱ्या कपड्यांची नीळ द्यावी, असे सल्ले मिळतात. यांतील खरा उपाय कोणता आणि व्यर्थ कोणता हें ठरविण्यापूर्वीं डेनिमवर रंग बसतो कसा हें समजून घेणें अवश्य आहे. कारण या कापडाचे बहुतेक गुणदोष त्या एकाच गोष्टींतून निघालेले आहेत.

डेनिम हें जाड सुती कापड होय. त्याचा ताणा, म्हणजे उभा धागा, निळा असतो आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, बहुधा पांढराच ठेवतात. नेहमींच्या विणींत ताण्याचा धागा तीन आडव्या धाग्यांवरून आणि एकाखालून जातो; म्हणून कापड बाहेरून निळें, आंतून पांढरट दिसतें आणि त्यावर तिरप्या रेघा उमटतात. फ्रान्समधील नीम या शहराच्या नांवावरून डेनिम हा शब्द आला, असें सामान्यतः मानतात. याच जातीच्या जाड कापडाला इंग्रजींत ‘डंगरी’ असाही शब्द आहे, आणि त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरीशीं जोडला जातो. अमेरिकेंत जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस हा व्यापारी यांनीं विजारीच्या खिशांचे सांधे धातूच्या खिळ्यांनीं पक्के करण्याच्या युक्तीचें पेटंट २० मे १८७३ रोजीं मिळविलें. तेव्हांपासून मजुरांचें हें वस्त्र हळूहळू साऱ्या जगाचें झालें.

आतां रंगाकडे वळावें. डेनिमचा निळा रंग म्हणजे नीळ. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं, ही तिची पहिली अडचण. म्हणून क्षारयुक्त पाण्यांत विशिष्ट द्रव्यें घालून तिचें रूप पालटतात. मग ती पिवळसर हिरवी होऊन विरघळते. सुताचे ताणे त्या द्रवांत बुडवून वर काढले, कीं हवेंतील प्राणवायूनें तीच नीळ धाग्यावर पुन्हां प्रकट होते आणि पाहतां पाहतां हिरव्याचें निळें होतें. गडद छटेसाठीं ही बुडी अनेकदां द्यावी लागते. परंतु प्रत्येक बुडी अल्पकाळाची असल्यामुळें नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोंचत नाहीं. काकडी कापली असतां साल हिरवी आणि गर पांढरा दिसावा, तशी या धाग्याची स्थिति असते. शिवाय नीळ आणि कापूस यांच्यामध्यें रासायनिक बंध जुळत नाहीं. नीळ धाग्याच्या अंगीं केवळ बसलेली असते. तात्पर्य, साल खरवडली गेली कीं आंतला पांढरा गर उघडा पडतो.

नीळ झाडाची असो वा कारखान्याची, हा स्वभाव बदलत नाहीं. पूर्वीं ती झाडापासूनच काढीत, आणि बंगाल-बिहारच्या शेतकऱ्यांनीं तिच्या लागवडीपायीं अपार जुलूम सोसला. १८५९ सालीं बंगालच्या रयतेनें तिच्याविरुद्ध उठाव केला आणि १९१७ सालीं चंपारण्यांत गांधीजींनीं सत्याग्रह केला. दरम्यान जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बेयर यानें १८८० सालीं प्रयोगशाळेंत नीळ सिद्ध केली आणि १८९७ पासून कारखान्यांत बनविलेली नीळ बाजारांत आली. आज डेनिमसाठीं मुख्यत्वें हीच वापरतात. दोहोंतील रंगद्रव्य एकच. म्हणून ‘नैसर्गिक निळीचें’ म्हणून महागानें घेतलेलें वस्त्रही घासल्यानें तितकेंच फिकें होतें.

यावरून रंगाचे शत्रु ओळखतां येतात. पहिला आणि सर्वांत मोठा शत्रु घर्षण. दगडावर धोपटणें, ब्रशानें खरवडणें, यंत्रांत कपडे कोंबून दीर्घकाळ घुसळणें, हीं सर्व त्याचींच रूपें. दुसरा शत्रु कडक ऊन. तिसरा शत्रु क्लोरीनयुक्त विरंजक, म्हणजेच ब्लीच. तें नीळ झिजवीत नाहीं, तिचा थेट नाश करतें. काळ्या डेनिमला बहुधा गंधकयुक्त काळा रंग दिलेला असतो. त्याचेंही ब्लीचशीं तसेंच वैर आहे.

कापड फिकें दिसूं लागलें म्हणजे रंग गेलाच, असें मात्र नव्हे. कूपनलिकेचें पाणी पुष्कळदां जड असतें. त्यांतील चुन्याचा अंश साबणाशीं मिळून एक चिकट करडा थर कापडावर बसवितो आणि रंग त्याखालीं झांकला जातो. गेलेला रंग आणि झांकलेला रंग यांतील भेद भिंगानें पाहिल्यास बहुधा कळतो. धाग्यांचे उंचवटे पांढरे आणि खळगे निळे दिसले, तर नीळ झिजली आहे. सर्वत्र सारखीच धुरकट छटा असेल, तर थराचा संशय घ्यावा. अशा वेळीं व्हिनेगरचा खरा उपयोग होतो. बादलीभर थंड पाण्यांत अर्धा कप साधें पांढरें व्हिनेगर घालून वस्त्र अर्धा तास भिजवावें आणि स्वच्छ पाण्यांतून दोनदां काढावें. थर विरघळला कीं खालचा रंग पुन्हां उजळ दिसतो. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधींही एकत्र करूं नयेत. त्यांतून विषारी वायु निघतो.

व्हिनेगरनें नीळ ‘पक्की’ होते ही समजूत मात्र निराधार आहे. लोकर आणि रेशीम यांच्या कांहीं रंगांस आम्ल लागतें. सुतावरील निळीस त्याचा उपयोग नाहीं. मिठाचेंही तसेंच. कांहीं रंग सुतावर चढवितांना मीठ साह्य करतें, परंतु एकदां बसलेली नीळ तें धरून ठेवीत नाहीं. पांढऱ्या कपड्यांना द्यावयाची नीळ ही पिवळेपणा झांकण्यापुरती असते. ती फिकट विजारीचा रंग परत आणीत नाहीं.

मग राखण कशी करावी? वस्त्र प्रत्येक वेळीं अंगावरून उतरलें कीं धुण्यांत टाकूं नये. एखादा डाग असेल तर तेवढाच ओल्या फडक्यानें टिपावा आणि वस्त्र रात्रभर वाऱ्यावर टांगावें. मात्र कोंकणासारख्या दमट हवेंत घामट वस्त्र धुणेंच श्रेयस्कर. रंगासाठीं आरोग्याचा बळी देऊं नये. धुण्यापूर्वीं बटणें आणि चेन लावून वस्त्र उलटें करावें, म्हणजे घर्षण आंतल्या पांढऱ्या बाजूस सोसावें लागतें. पाणी थंड असावें. साबण सौम्य आणि विरंजकरहित घ्यावा; पांढऱ्या कपड्यांना चमक देणारी पूड गडद रंगास फिकटपणा आणते. नवें वस्त्र पहिल्या कांहीं धुण्यांत निराळेंच धुवावें. फिकट कापडाच्या बैठकीवरही तें आरंभीं जपून वापरावें. यंत्रांत अल्पकाळाचें सौम्य धुणें निवडावें आणि कपडे दाटीनें भरूं नयेत. पिळे न घालतां पाणी निथळूं द्यावें, उलटें ठेवूनच सावलींत वाळवावें आणि इस्त्रीही आंतल्या बाजूनेंच फिरवावी.

इतकें करूनही नीळ निघून गेली असेल, तर ती परत आणण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पुन्हां रंगविणें. सुती कापडासाठीं असलेला गडद निळा वा काळा रंग बाजारांत मिळतो. वस्त्र आधीं स्वच्छ धुवून ओलेंच रंगांत घालावें आणि सारखें हलवीत राहावें. नाहींतर डाग पडतात. कांहीं रंगांस गरम पाणी आणि मीठ लागतें, कांहींस मिठाबरोबर धुण्याचा सोडा. पुडीवरील सूचना तंतोतंत पाळाव्या. हातमोजे घालावे आणि या कामाचें भांडें पुन्हां स्वयंपाकास घेऊं नये. लवचीक धागा मिसळलेलें डेनिम उकळत्या पाण्यांत खराब होतें. त्यासाठीं थंड पाण्यांत चढणारा रंग घ्यावा. फळाची अपेक्षाही माफक असावी. या रंगांत पांढरा बाणाही निळा होतो, त्यामुळें मूळच्या तिरप्या रेघांचा उठाव कमी होतो. आणि शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असल्यामुळें तो पूर्वीच्याच रंगाचा राहतो. वस्त्र नव्यासारखें होत नाहीं, परंतु चारचौघांत पुन्हां नेसण्याजोगें होतें.

हा सारा खटाटोप केवळ दिसण्यासाठीं आहे, असें कोणी समजूं नये. जें घर्षण नीळ खरवडतें, तेंच धाग्याचे तंतूही तोडतें. म्हणूनच विजार जेथें आधीं पांढरी पडते, तेथेंच ती बहुधा आधीं विरते. पांढुरका गुडघा ही कापडानें दिलेली पूर्वसूचना होय. ती वेळींच ओळखून धुण्याची रीत बदलली, तर थोरल्या मुलाची विजार धाकट्याच्या अंगावर येईपर्यंत तिचा रंगही शिल्लक राहील आणि कापडही.