फोनवरचा गटनकाशा : कशासाठी वापरायचा, कशासाठी नाही



आजचा मेसेज लांब आहे. सवडीने वाचा, आणि घरात फोन चांगला चालवणारं कुणी असेल तर त्याला शेजारी बसवून वाचा.

गेल्या काही दिवसांत सभासदांकडून तीन प्रश्न सारखे येताहेत. "फोनवरच्या नकाशात माझा गट शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत दिसतो, मग ती विहीर माझ्या हद्दीत का?" "फवारणीच्या ड्रोनवाल्याला हद्द कशी दाखवायची?" "कंपनीचा कृषी सल्लागार गट नंबर आणि शेताची हद्द मागतोय, द्यायची का?"

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. शेताची हद्द आता फोनवर कुणालाही दिसते, पण दिसणारी रेषा नेमकी कशाची आहे हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नाही.

*१) नकाशा सगळ्यांना खुला आहे*

महाराष्ट्र शासनाच्या भूमी अभिलेख विभागाचं 'महाभूनकाशा' नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे गावाचा नकाशा आणि त्यातला एकेक गट फुकट पाहता येतो. आधार लागत नाही, ओटीपी लागत नाही. सातबारा पाहण्यासाठी 'भूलेख' वेगळं आहे. तो नुसता पाहायला पैसे नाहीत. डिजिटल सहीचा, सरकारी कामाला चालणारा सातबारा हवा असेल तर १५ रुपये भरून ऑनलाईन काढता येतो.

नकाशा पाहायची पद्धत :
– 'महाभूनकाशा' असं शोधा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते बघा. तसं नसेल तर ते पान सरकारी नाही, लगेच बंद करा.
– ग्रामीण किंवा शहरी, मग जिल्हा, तालुका, गाव निवडा.
– गट नंबर (जिथे सर्व्हे नंबर चालतात तिथे सर्व्हे नंबर) टाका. तुमचा गट रंगीत दिसेल, बाजूला नाव आणि क्षेत्र येईल.
– 'मॅप रिपोर्ट' दाबलं की एक पान तयार होतं. त्यात तुमच्या गटाचा आकार आणि चारी बाजूंचे गट नंबर असतात. ते पान फोनमध्ये जतन करून ठेवा.

गट दिसला नाही किंवा आकार भलताच आला, तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल अर्ज करून मिळते.

*२) ती रेषा आली कुठून?*

आपल्या भागातली मोजणी इंग्रजांच्या काळात साखळीने झाली. एक साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आपण आजही गुंठ्यात बोलतो ते या साखळीमुळेच. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव तुकडे एकत्र करून गट पाडले गेले आणि सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर आले.

हे नकाशे हाताने, शाईने काढलेले. अनेक गावांच्या नकाशाचं प्रमाण १ इंचाला २० साखळ्या असं आहे. आता हिशेब करा. २० साखळ्या म्हणजे ६६० फूट. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर जवळपास ८ मीटर. नुसती पेनाची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी ती शेतात ४ मीटर, म्हणजे १३ फूट रुंद होते! त्यात कागद जुना, घडीवर फाटलेला, पावसाळ्यात फुगलेला. तोच स्कॅन करून संगणकावर आणला आणि उपग्रहाच्या फोटोवर बसवला. बसवताना कुठे थोडा सरकला, कुठे फिरला.

म्हणून फोनवर गट शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत दिसला याचा अर्थ विहीर तुमच्या हद्दीत आली असा होत नाही. बहुतेक वेळा अख्खा नकाशाच एका अंगाला सरकलेला असतो. खात्री करायची असेल तर गावातला पक्का रस्ता, ओढा किंवा शिवेवरची खूण बघा. नकाशातला रस्ता आणि फोटोतला रस्ता यांत अंतर दिसलं की तुमचा गटही त्याच बाजूला तेवढाच सरकलेला असण्याची शक्यता जास्त.

हीच अडचण ई-पीक पाहणीतही येते. आपण आपल्याच शेतात उभे असतो आणि ॲप म्हणतं, तुम्ही गटाच्या बाहेर आहात. अशा वेळी दुसऱ्याच्या रानात जाऊन फोटो काढू नका. आधी उघड्यावर येऊन दोन मिनिटं थांबा, लोकेशन स्थिर होऊ द्या. तरी जमत नसेल तर गावच्या सहायकाला किंवा तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) मुदतीच्या आत सांगा. मुदत गेल्यावर सांगून उपयोग नाही.

*३) एका शेताच्या तीन हद्दी*

– *कागदाची हद्द :* सातबाऱ्यावरचं क्षेत्र, हेक्टर-आरमध्ये. हा आकडा आहे, त्याला आकार नाही.
– *नकाशाची हद्द :* गटाचा आकार. गटाच्या आत भावाभावांत वाटप झालं असेल पण पोटहिस्सा मोजून नकाशावर आला नसेल, तर नकाशात तो एकच तुकडा दिसतो.
– *वहिवाटीची हद्द :* तुम्ही प्रत्यक्ष नांगरता, पेरता ती. बांध, नाली, पाणंद, झाडं यांनी ठरलेली.

तिन्ही एकमेकींशी तंतोतंत जुळतील असं नाही. कालव्याला किंवा रस्त्याला जमीन गेली पण कमी-जास्त पत्रक (क.जा.प.) होऊन सातबारा दुरुस्त झाला नाही, की कागद एक बोलतो आणि रान दुसरं. आपल्या बऱ्याच सभासदांचं तर असं आहे : गट एक, सातबाऱ्यावर चार भावांची नावं, आणि रानात चार वेगळी पिकं. सरकारी नकाशा खुला आहे हे चांगलंच, पण तुमच्या कपाशीची हद्द त्यात नाही.

*४) सल्लागाराला हद्द कशाला लागते?*

उपग्रहाच्या फोटोवरून पिकाची तब्येत बघायची सेवा आता बरेच जण देतात. त्यातले बरेच युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो वापरतात. ते सगळ्यांना फुकट असतात आणि साधारण दर ५ दिवसांनी नवीन फोटो येतो (पावसाळ्यात ढग असले तर तो बिनकामाचा). त्या फोटोतलं एक घर १० मीटर × १० मीटरचं, म्हणजे बरोबर १ आर, आपला जवळपास एक गुंठा. एका घराला एकच रंग. त्या गुंठ्यात अर्धी तूर आणि अर्धा बांध असेल तर दोन्हींची सरासरी येते.

आता समजा तुमचं रान एक एकर, चौरस. एक बाजू साधारण ६४ मीटर. हद्द १० मीटर सरकलेली घेतली तर सहा गुंठ्यांहून जास्त भाग शेजाऱ्याचा मोजला जातो. त्याचा ऊस हिरवागार आणि तुमचा हरभरा काढणीला आलेला असेल तर अहवाल काय येणार? "पीक उत्तम आहे." त्यावर सल्लागार पाणी आणि खत सांगणार, आणि खर्च तुमचा होणार.

अर्ध्या एकराच्या लांब पट्टीत तर आणखी पंचाईत. २५ मीटर रुंद आणि ८० मीटर लांब पट्टी म्हणजे रुंदीला जेमतेम अडीच घरं. दोन्ही कडांची घरं बांध आणि शेजाऱ्याचं पीक धरून येतात. अशा पट्टीचा उपग्रहावरचा सल्ला आपण देत नाही. तिथे माणूस पाठवून पीक बघणंच बरं.

ड्रोनचंही तसंच. ड्रोन रेषेप्रमाणे उडतो, बांध बघून वळत नाही. हद्द चुकली आणि टाकीत तणनाशक असेल तर शेजाऱ्याच्या कपाशीचं किंवा द्राक्षाचं नुकसान भरून देता देता नाकी नऊ येतात.

म्हणून सल्ल्याच्या कामासाठी आपण सरकारी नकाशा फक्त शेत *शोधायला* वापरतो. हद्द घेतो ती *वहिवाटीची*, तुमच्यासोबत बांधाने चालून. फोनचं लोकेशन उघड्या रानात साधारण ३ ते ५ मीटर इकडे-तिकडे होतं, झाडाखाली जास्त. त्यामुळे आपण बांधापासून थोडं आत चालतो. कडेचा एखादा गुंठा सुटला तरी चालेल, शेजाऱ्याचा आत यायला नको.

*५) नकाशा बघून बांध कोरू नका*

ही गोष्ट आपल्या सभासदांपैकीच एकाची आहे. नाव सांगत नाही. फोनवर नकाशा पाहिला, दोन गुंठे शेजाऱ्याकडे गेलेत असं वाटलं, आणि जेसीबी लावून बांध सरकवला. शेजारी म्हणजे सख्खा चुलतभाऊ. उभी तूर गेली, पोलीस ठाणं झालं, दोन घरांचं जाणं-येणं बंद झालं. नंतर रीतसर मोजणी आली तेव्हा बांध मूळ जागीच बरोबर होता. तूर एका हंगामात परत येईल, पण त्या दोन घरांतला चहा अजून सुरू झालेला नाही.

हद्दीचा वाद असेल तर एकच रस्ता :
– भूमी अभिलेख विभागाकडे *हद्द कायम मोजणीचा* अर्ज करा. अर्ज ऑनलाईन ई-मोजणीवर होतो. फी क्षेत्रावर आणि किती तातडीने मोजणी हवी यावर ठरते.
– लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. तुम्हाला अशी नोटीस आली तर हजर राहा. "मी गेलो नाही म्हणजे मोजणी होणार नाही" असं नसतं.
– भूकरमापक फोनच्या नकाशावरून मोजत नाही. तो टिपण, फाळणी, गुणाकार बुक असे मूळ अभिलेख आणि रोव्हरसारखी यंत्रं वापरतो. रोव्हरची चूक मीटरमध्ये नाही, काही सेंटीमीटरमध्ये असते.
– मोजणीनंतर *'क' प्रत* मिळते. ती सातबाऱ्याइतकीच जपून ठेवा.
– मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडे *निमताना मोजणीचा* अर्ज करता येतो.

हद्दीचे दगड उपटणं, हलवणं हा महसूल कायद्याप्रमाणे दंडाचा विषय आहे. मोजणी तुमच्या बाजूने लागली तरी आपल्या हाताने ताबा घेऊ नका. पुढची कारवाई कायद्यानेच करायची.

*६) हद्द कुणाला द्यायची?*

हा प्रश्न जगभर आहे. अमेरिकेत सरकारी शेती खात्याकडे शेताशेताच्या हद्दी आहेत. पूर्वी त्या सल्लागारांना सहज मिळायच्या. २००८ च्या शेती कायद्यातल्या कलम १६१९ ने ते बंद झालं. आता शेतकरी स्वतः देईल किंवा संमती देईल तरच मिळतात. नेदरलँडमध्ये उलट आहे. कोणत्या तुकड्यात कोणतं पीक आहे याचा नकाशा दरवर्षी सगळ्यांना खुला असतो, पण त्यात शेतकऱ्याचं नाव नसतं.

आपल्याकडे तिसराच प्रकार. गट, आकार आणि खातेदाराचं नाव खुलं आहे. आणि त्या नावाला तुमचं पीक, उत्पादन, खताचा खर्च, फोन नंबर जोडला की ती माहिती व्यापारी, निविष्ठा विकणारा, जमिनीचा दलाल अशा सगळ्यांच्या कामाची होते. गट नंबर लपवून उपयोग नाही, तो सगळ्यांनाच दिसतो. जपायची ती त्याला जोडलेली माहिती.

आपल्या कंपनीचा नियम असा :
– हद्द तुमच्या संमतीने आणि तुमच्यासमोर घेतली जाईल.
– ती माती परीक्षण, फवारणी, पीक पाहणी आणि खरेदीचा अंदाज एवढ्यासाठीच वापरली जाईल.
– तुम्हाला विचारल्याशिवाय बाहेर कुणालाही दिली जाणार नाही. तुम्ही सांगाल तेव्हा काढून टाकली जाईल.
– सामाईक गट असेल तर फक्त तुमच्या वहिवाटीचा तुकडा घेतला जाईल. ही रेषा मालकीचा पुरावा नाही आणि कोणत्याही वादात कंपनी ती काढून देणार नाही.

कंपनीचा माणूस हद्द घेताना आधार नंबर, ओटीपी किंवा बँकेचा तपशील *मागणार नाही*. कुणी मागितला तर तो आपला माणूस नाही असं समजा आणि ऑफिसला फोन करा.

*७) या आठवड्यात एवढं करा*

१. महाभूनकाशावर आपला गट उघडा, मॅप रिपोर्ट जतन करा.
२. शेजारी सातबारा ठेवा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि नकाशाच्या बाजूला दिसणारं क्षेत्र जुळतंय का बघा. १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ एकर म्हणजे ४०.४७ आर.
३. चारी बाजूंचे गट नंबर बरोबर आहेत का ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारा. म्हाताऱ्या माणसांना दगड कुठे होते ते माहीत असतं. हे विचारून लिहून ठेवा.
४. क्षेत्रात फरक दिसला तर भांडायला जाऊ नका. सातबारा आणि मॅप रिपोर्ट घेऊन ऑफिसला या, कुठे अर्ज करायचा ते सांगू.
५. ड्रोन फवारणी किंवा उपग्रह सल्ला हवा असेल तर गट नंबर, पीक आणि पेरणीची तारीख या नंबरवर पाठवा. आपला माणूस येऊन तुमच्यासोबत बांधाने चालेल. जमलं तर बांधाच्या शेजाऱ्यालाही बोलवा. दोघांनी मिळून दाखवलेली हद्द सगळ्यात पक्की.

शंका असेल तर व्हॉइस मेसेज टाका, उत्तर देऊ. मेसेज उपयोगी वाटला तर बांधाच्या शेजाऱ्याला आवर्जून पाठवा.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी
(सल्ला विभाग)