होडीतले शिळे पेट्रोल

नागपूरला समुद्र नाही. मग होडीच्या इंजिनाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांतून बचावाच्या होड्या फिरल्या. अशी होडी एरवी पडून असते आणि लागते ती मात्र तत्क्षणी. कला शाखेचा विद्यार्थी असूनही मी हा विषय घेतला तो यासाठीच.

साठवलेल्या पेट्रोलमधील हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो. उरलेल्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते व ती कार्बुरेटरची बारीक छिद्रे बुजवते. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी इंधन ओढते ती तळातूनच.

म्हणून होडी ठेवून देण्यापूर्वी, इंजिन पाण्यात असतानाच इंधनाची नळी काढावी व ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. म्हणजे कार्बुरेटर जवळजवळ रिकामा होतो. पुन्हा वापरताना शिळ्या पेट्रोलमध्ये ताजे मिसळू नये. जुने काढून घ्यावे, पण तलावात वा गटारात ओतू नये. गाळणी व कार्बुरेटर साफ करून मगच ताजे भरावे. हे सारे पावसाळ्याआधी करावयाचे. पूर आल्यावर त्याला वेळ नसतो.