पत्रांची पेटी बिघडते तेव्हा

शाळेच्या कार्यालयातील पत्रांची फाइल पावसात भिजली, तर पाने सुटी करून वाळवता येतात आणि बराचसा मजकूर हाती लागतो. पण संगणकात साठवलेल्या ई-पत्रांची फाइल बिघडली तर? ती उघडतच नाही आणि दहा वर्षांची पत्रे एका क्षणात गेली असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे त्या फाइलमध्ये जागच्या जागी असतात, मात्र त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट मोडलेली असते. ती वाट पुन्हा कशी शोधतात ते पाहू.

मायक्रोसॉफ्टच्या ‘आउटलुक’ या आज्ञावलीचे उदाहरण घेऊ. आलेली-गेलेली पत्रे, त्यांना जोडलेली कागदपत्रे, पत्ते असे सारे ती एकाच फाइलमध्ये ठेवू शकते. या फाइलला ‘पीएसटी’ फाइल म्हणतात. फाइलच्या आत माहितीचे लहान लहान ठोकळे असतात. एक ठोकळा जास्तीत जास्त ८,१९२ बाइटचा. मोठा मजकूर अनेक ठोकळ्यांत विभागला जातो आणि हे ठोकळे जिथे जागा मोकळी असेल तिथे ठेवले जातात. म्हणून दोन सूच्या लागतात. कोणत्या पत्राचे ठोकळे कोणते, हे एक सूची सांगते. तो ठोकळा फाइलच्या आरंभापासून किती बाइट अंतरावर आहे, हे दुसरी सांगते. ग्रंथालयातील पुस्तके शाबूत असावीत, पण नोंदवही फाटावी, तशी बिघडलेल्या फाइलची अवस्था असते.

आता आकाराचा प्रश्न. आउटलुक ९७ पासून आउटलुक २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत हे अंतर ३२ बिटांत लिहिले जाई. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळ्या संख्या मांडता येतात. एक बिट धन-ऋण चिन्हासाठी ठेवला की धन बाजूला त्यांच्या निम्म्याच, म्हणजे २,१४,७४,८३,६४८ पर्यंतची मजल उरते. हेच २ जीबी, आणि हीच त्या फाइलची मर्यादा होती. पाच आकडी किलोमीटर-मापकावर ९९,९९९ च्या पुढचे अंतर दाखवता येत नाही, तसेच हे. त्या जुन्या आवृत्त्यांत कित्येकदा कोणतीही सूचना न मिळता ही मर्यादा ओलांडली जाई आणि नंतर फाइल उघडत नसे. आउटलुक २००३ पासून अंतरे ६४ बिटांत लिहिली जाऊ लागली. मर्यादा आधी २० जीबी व २०१० च्या आवृत्तीपासून ५० जीबी ठेवली गेली. मात्र जुन्या पद्धतीची फाइल नव्या आवृत्तीत उघडली म्हणून तिची पद्धत बदलत नाही. जुन्या संगणकांवर त्यामुळे हा प्रश्न आजही भेटतो.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे बिघडलेल्या फाइलची प्रत काढणे. मूळ फाइलला हात लावायचा नाही. तबकडीतूनच खटखट असा आवाज येत असेल, तर संगणक बंद करून ती जाणकाराकडे द्यावी.

फाइल २ जीबीच्या पुढे गेली असेल, तर ‘पीएसटी२जीबी’ हे मायक्रोसॉफ्टने दिलेले साधन तिच्या शेवटाचा थोडा भाग, साधारण २० ते २५ एमबी, कापून वेगळी प्रत तयार करी. कापलेल्या भागातील पत्रे जातात. ती सर्वांत नवीच असतील असे नाही, कारण पुसलेल्या पत्रांच्या मोकळ्या जागी नवी पत्रे बसत असतात.

मग ‘स्कॅनपीएसटी’ ही दुरुस्तीची आज्ञावली चालवतात. प्रत्येक ठोकळ्याच्या शेवटी त्याचा क्रमांक, त्याची लांबी आणि आतील बाइटांवरून गणिताने काढलेली एक पडताळणी-संख्या असते. यांच्या आधारे ठोकळा खरा की बिघडलेला हे ठरवून सूच्या पुन्हा बांधल्या जातात. मूळ कप्पा न सापडलेली पत्रे ‘लॉस्ट अँड फाउंड’ या वेगळ्या कप्प्यात टाकली जातात.

पडताळणी-संख्या चूक झाली एवढेच सांगते. मूळ मजकूर काय होता हे सांगत नाही. ते कळायला दुसरी प्रतच हवी. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवाशाचे उदाहरण इथे आठवते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) तिथे सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षे हाताने नकला होत गेल्या आणि पाठ बिघडले. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) तिची शुद्ध प्रत तयार केली आणि कोणी स्वतःची ओवी त्यात घालू नये असे बजावले. प्रती अनेक असल्या तर हरवलेले सापडते, आणि न सापडलेले कल्पनेने भरायचे नसते, हे दोन्ही धडे संगणकालाही लागू आहेत.

वर्गात हा प्रयोग करून पाहावा. दहा चिठ्ठ्यांवर क्रमांक, एक चार आकडी संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज लिहा. उदाहरणार्थ ४७१३ आणि १५. चिठ्ठ्या मिसळून एका गटाला पुन्हा लावायला द्या. मग एका चिठ्ठीवर ४७२३ करा. बेरीज १६ येते आणि चूक पकडली जाते, पण कोणता अंक बदलला हे कळत नाही. ७४१३ केले तर बेरीज १५ च राहते आणि चूक निसटते! आता अंकांना अनुक्रमे १, २, ३, ४ ने गुणून बेरीज करा. ४७१३ साठी ३३ आणि ७४१३ साठी ३० येतात. खरी पडताळणी-संख्या याहून पुष्कळ कसून काढलेली असते.

शाळेच्या संगणकावर शिष्यवृत्तीचे आदेश आणि सेवाविषयक पत्रे साठत असतात. दरवर्षी त्यांची वेगळी फाइल करावी. पत्रे पुसल्याने फाइल लगेच लहान होत नाही. त्यासाठी ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा द्यावी लागते. आणि आउटलुक बंद करून फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. त्यांतील एक शाळेच्या इमारतीबाहेर असावी.