डीची पुडी घेताय? आधी घरातल्या गोळ्या बघा



आपल्या पूर्णा तालुक्यात गटाची बैठक बसली की आधी बचतीचा हिशोब होतो आणि मग गुडघे, कंबर, पाठ यांचं दुखणं निघतं. लगेच कुणीतरी म्हणतं, "मला डीच्या पुडीनं फरक पडला, तूही घे." पुडी दुधात टाकायची, चवीला गोड लागते, त्यामुळं ती औषध वाटतच नाही. पण ते औषधच आहे. बीपीची, थायरॉइडची किंवा फिटची गोळी चालू असेल, तर आजचं बोलणं नीट ऐका.

डी जीवनसत्त्व आपल्या खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात घ्यायला मदत करतं. ते उन्हामुळं कातडीत तयार होतं. आपण दिवसभर रानात असतो, पण डोक्यावर पदर, तोंडाला रुमाल आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. म्हणून उन्हात राबणाऱ्या बाईलाही ते कमी पडू शकतं.

आता हिशोब करू. मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट डी पुरतं, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२० साली सांगितलं आहे. बाजारात नेहमी मिळणाऱ्या पुडीत ६०,००० युनिट असतात. म्हणजे एका पुडीत १०० दिवसांचं डी! म्हणूनच डॉक्टर ती बहुतेक वेळा आठवड्यातून एकदाच आणि ठरावीक आठवडेच देतात. जास्तीचं डी लघवीवाटे सहज निघून जात नाही, ते अंगातल्या चरबीत साठतं. रोज एक पुडी घेत राहिलं, तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि किडनीला इजा होऊ शकते.

कोणत्या गोळ्यांबरोबर जपायचं?

बीपी : बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड ही त्यांची नावं. कधी त्या दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतात, म्हणून कळत नाही. या गोळ्या कॅल्शियमला लघवीवाटे जाऊ देत नाहीत. वरून डीची पुडी आणि कॅल्शियमची गोळी घेतली, तर हौदात पाणी वाढवलं आणि बाहेर जायची मोरी बुजवली, असं होतं.

हृदयाची डिगॉक्सिन : रक्तात कॅल्शियम वाढलं, तर या गोळीवर असलेल्या माणसाचे ठोके बिघडू शकतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे लक्षात ठेवा.

फिट आणि टीबी : फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन आणि टीबीची रिफॅम्पिसिन यांच्यामुळं यकृत डीचा लवकर फडशा पाडतं. दमा, सांधेवात यांसाठी बरेच दिवस प्रेडनिसोलोन घेतलं, तर हाडं ठिसूळ होतात. अशा बायांना डीची गरज जास्त असू शकते, पण किती ते डॉक्टरच ठरवतील. या कारणानं फिटची, टीबीची किंवा प्रेडनिसोलोनची गोळी कधीही आपल्या मनानं बंद करायची नाही.

थायरॉइड : इथं अडचण डीची नाही, त्याच्या जोडीला येणाऱ्या कॅल्शियमची आहे. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही.

गरोदर बाई : चौदाव्या आठवड्यापासून सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. दिवसाला दोन, जेवणासोबत. त्या प्रत्येक गोळीत २५० युनिट डी असतंच. लोहाची लाल गोळी तिच्यासोबत घेऊ नका, निदान दोन तासांचं अंतर ठेवा.

साखरेची मेटफॉर्मिन किंवा तापाची पॅरासिटामॉल चालू असेल, तर डीमुळं घाबरायचं कारण नाही.

मळमळ, उलटी, भूक मरणं, सारखी तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, गळून जाणं, बोलण्यात गोंधळ, अशी लक्षणं दिसली तर पुडी आणि कॅल्शियम थांबवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि काय काय घेतलं ते सगळं सांगा. मूतखडा किंवा किडनीचा आजार असेल, तर विचारल्याशिवाय पुडी घेऊच नका.

दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या. तीन प्रश्न विचारा : किती युनिट, किती दिवसांनी, किती आठवडे? कंबरेसाठी डीचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा. त्यात ६ लाख युनिट असू शकतात. पुडी घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. एकीची पुडी दुसरीला देऊ नका.

येत्या बैठकीत हिशोब झाला की पाच मिनिटं काढा आणि हे सगळ्यांना सांगा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांची पाकिटं आशाताईंना दाखवून घ्या.