आल्डसची यादी

लॅटिन काव्यांच्या जुन्या छापील प्रती जमविणाऱ्यांना व्हेनिसच्या आल्डस मनुतियसचे नाव सांगावे लागत नाही. १५०१ साली त्याने कवी व्हर्जिल छापला. एका तावाची आठ पाने होतील एवढाच आकार, भोवती टीकेचा पसारा नाही, निव्वळ संहिता. आणि फ्रांचेस्को ग्रिफोने घडविलेले ते तिरके खिळे! हस्ताक्षरच म्हणा ना.

लगोलग फ्रान्समध्ये लियाँच्या मुद्रकांनी नकला काढल्या. त्यांवर ना मुद्रकाचे नाव, ना गाव, ना साल. आल्डस संतापला. १५०३ साली त्याने इशारापत्रकच छापले: नकलेचा कागद हलका, त्याला घाण वास, अक्षरे बेढब, शिवाय कोणत्या पुस्तकात कोठे चुकले, त्याची यादी. झाले! लियाँकरांनी तीच यादी पुढे ठेवून चुका दुरुस्त केल्या. मुद्रितशोधक फुकट मिळाला की हो!

संग्राहकाला ती यादी आजही उपयोगी पडते. बिनसालाची नक्कल हाती आली, की यादीतली स्थळे काढून पाहावीत. चुका जशाच्या तशा असतील तर प्रत बहुधा पत्रकाअगोदरची, सुधारलेल्या असतील तर नंतरची. माझे मत विचाराल, तर चुकांची नक्कलही कपाटात ठेवण्याजोगी आहे. फक्त आल्डसच्या किमतीला घेऊ नये.