अंगठेबहाद्दर

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात शत्रू दिसतो. माऊस घेऊन बसलेला खेळाडू मनगटाला हलका हिसका देतो आणि नेम थेट तिथे जाऊन बसतो. कंट्रोलरवाला अंगठ्याखालची स्टिक उजवीकडे ढकलतो. दृश्य फिरू लागतं, शत्रू मध्यावर येतो. अंगठा सैल पडेपर्यंत नेम पुढे निघून गेलेला असतो. मग थोडं मागे, पुन्हा थोडं पुढे. नजर दोघांचीही सारखीच तीक्ष्ण. तरी अंगठाच कमी पडतो, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. हा अंगठ्यावर अन्याय आहे.

खरा फरक उपकरण हाताला काय विचारतं, यात आहे. माऊस विचारतो, 'कुठे?' हात सरकेल तेवढा कर्सर सरकतो, हात थांबला की तोही थांबतो. स्टिक विचारते, 'किती वेगाने?' ती स्कूटरच्या अॅक्सिलरेटरसारखी आहे. पोहोचायचं कुठे, हे अंगठ्याला सांगताच येत नाही. वेग द्यायचा आणि नेमक्या क्षणी सोडून द्यायचा, एवढंच त्याच्या हाती उरतं.

हे संशोधकांना फार आधीपासून ठाऊक होतं. 1964 मध्ये कॅलिफोर्नियात डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस घडवला: लाकडी खोकं आणि त्याखाली दोन चाकं. पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत याच इंग्लिश यांनी स्टुअर्ट कार्ड आणि बेटी बर यांच्यासह माऊसची तुलना जॉयस्टिकशी केली. ती जॉयस्टिक दाबाच्या प्रमाणात कर्सरला वेग देणारी होती. 1978 मध्ये निष्कर्ष छापून आले. माऊस अधिक वेगवान ठरला आणि चुकाही त्यावर कमी झाल्या. शिवाय पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये मांडलेल्या नियमानुसार मानवी हाताची जी मर्यादा निघते, तिच्या अगदी जवळ माऊस पोहोचला होता.

तरीही घरोघरी स्टिकच रुजली. 1996 मध्ये निन्टेंडो 64 ने ती अंगठ्याखाली आणली आणि 1997 च्या ड्युअलशॉक कंट्रोलरने दोन दिल्या. पात्राला चालवायला ती उत्तमच: थोडी ढकलली की चाल, पुरती ढकलली की धाव. तिथे वेगाचाच प्रश्न असतो. नेम धरणं मात्र जागेचं काम. म्हणून 2001 च्या 'हेलो'सारख्या खेळांनी लक्ष्याजवळ नेम आपोआप मंदावण्याची सोय केली.

वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूच्या व्हॉल्व कंपनीने वेगळी वाट धरली. माऊससाठी घडलेले असंख्य खेळ दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आणायचे होते. सप्टेंबर 2013 मध्ये जाहीर झालेल्या स्टीम कंट्रोलरवर दोन गोल ट्रॅकपॅड होते. आता अंगठ्याला 'कुठे' हे सांगता येणार होतं.

अडचणी मात्र खऱ्या होत्या. पॅड लहान, अंगठा क्षणात कडेला पोहोचतो. म्हणून सॉफ्टवेअरने त्याखाली जणू एक चेंडू ठेवला. झटका देऊन अंगठा उचलला, तरी दृश्य गरगरत राहतं आणि हळूहळू मंदावतं. सपाट पृष्ठभाग अंगठ्याला काहीच कळवत नाही, म्हणून आत विद्युतचुंबकाने हलणारी वजनं बसवली. चेंडू फिरतो तसे बारीक ठोके उमटतात, तो मंदावला की ठोकेही विरळ होतात. अंगठा बुंध्याशी फिरत असल्याने त्याची रेष कमानीत जाते. त्यासाठी पॅडचा अक्ष किंचित तिरका करून घेण्याची सोय केली. शिवाय आतला जायरोस्कोप मनगटाची हालचाल टिपतो: मोठं वळण अंगठ्याचं, शेवटची बारीक दुरुस्ती मनगटाची.

विक्री नोव्हेंबर 2015 मध्ये सुरू झाली आणि चार वर्षांनी उत्पादन थांबलं. उरलेला साठा पाच डॉलरला निघाला. मला वाटतं, दोन दशकं स्टिकवर वळण लागलेल्या हातांना नवं काही शिकण्याइतकी सवड मिळालीच नाही, आणि प्रत्येक खेळाची मांडणी स्वतः जुळवून घेणं अनेकांना जड गेलं. पण कल्पना संपली नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये आलेल्या स्टीम डेक या व्हॉल्वच्याच हातात धरून खेळायच्या यंत्रावर दोन स्टिक आहेत आणि दोन ट्रॅकपॅडही. वेगाला स्टिक, जागेला पॅड. भांडण मिटवणारी ही वाटणी मला सर्वांत शहाणी वाटते.

ज्याला सही येत नाही, त्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणत आलो. पण त्याच्या हाती कुणी पाटी-पेन्सिल दिलेलीच नसायची. कंट्रोलरवरच्या अंगठ्याचंही तसंच झालं. त्याला 'कुठे?' असं विचारल्यावर तो झटका देतो, मंदावणारे ठोके कातडीने मोजतो आणि शेवटचा ठोका विरायच्या आत चेंडूवर अलगद टेकून नेम थांबवतो.